छाती निरोगी

येशा, काल तुझं तेरावं झालं आणि आज सकाळी मी कोटात जाऊन आलो. तुझ्या त्या पलटणीच्या पेन्शन ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. एकटाच गेलो होतो. कशाला गेलो होतो ते सांगतो, पण सगळं सांगू दे. मध्ये बोलू नकोस असं म्हणायची सवय आहे, म्हणून म्हणतो. आता कुठला बोलतोयस तू.

खाली चाळीच्या दाराशी पताका लावायचं काम चाललंय. मुंबई आपली झाली ना! दोन खोल्यांपलीकडे तुझी बायको पांढऱ्या कपाळानं बसलीये आणि खाली दोरी आखूड पडली म्हणून मंडळी एकमेकांवर ओरडतायत. चार वर्षं मीच घसा फोडून घोषणा दिल्या. लालबागपासून गिरगावपर्यंत चपला झिजवल्या. आणि आज ती दोरी बघून मला शिसारी येते. त्यांची चूक नाही. सध्या मला कशाचीही शिसारी येते. चहाचीसुद्धा.

तुला काय हवं होतं? एक ओळ. ‘या माणसाच्या छातीचा आजार पलटणीच्या नोकरीत झाला.’ बस्स. ती ओळ मिळाली असती तर लष्करी इस्पितळात खाट मिळाली असती, पेन्शन मिळाली असती, आणि तुझ्या माघारी वहिनींनाही काहीतरी मिळालं असतं. पण मला पक्कं ठाऊक आहे, तुला त्या सगळ्यापेक्षा ती ओळच हवी होती. शिक्का मारलेली. ट्रंकेत तुझ्या बिल्ल्यांशेजारी ठेवायला.

पाच वर्षं आपण अर्ज केले. मी लिहायचो, तू सही करायचास, पूर्ण नावाची, आडनावाच्या शेवटी रेघ ओढून. आणि दर वेळी उत्तर यायचं इंग्रजीत. ग्यालरीत उभा राहून मी ते वाचायचो आणि तू समोर सावधान उभा. शेवटचं वाक्य ठरलेलं. सदर आजाराचा लष्करी सेवेशी संबंध सिद्ध होत नाही.

संबंध! जशी काही छातीची सोयरीक जुळवायची होती. स्थळ बघायला गेलो होतो काय आपण?

ब्रह्मदेशात काय झालं ते तू मला एकदाच सांगितलंस, तेही अर्जात लिहायला हवं म्हणून मी खनपटीला बसलो तेव्हा. तू खेचरांवरचा माणूस. डोंगरातून दारूगोळा आणि डबे वाहून न्यायची तुमची तुकडी. पेट्रोलच्या साठ्याला आग लागली आणि पलीकडे चार खेचरं बांधलेली. तू धुरात शिरलास. तीन सोडवलीस. चौथी, तुझी भागी, दावं तोडून आधीच पळाली होती, आणि तिला शोधत तू आत तसाच फिरत राहिलास. हे सांगताना तू हसलास आणि मग तुला जी उबळ आली ती थांबेचना. दोन महिने तंबूतल्या इस्पितळात पडून होतास. त्या इस्पितळाचे कागद कुठे आहेत ते देवाला ठाऊक. तेव्हापासून खोकला.

मी विचारलं, “आत शिरायला हुकूम कोणी दिला होता?”

तू म्हणालास, “खेचरांना दावं माझ्या हातानं बांधलेलं. सोडायला हुकूम कशाक होयो?”

मी ते वाक्य अर्जात घातलं नाही. इंग्रजीत कसं लिहायचं तेच मला कळेना.

खरा घोळ कुठे झाला ते आपल्याला दुसऱ्या वर्षी कळलं. त्या कारकुनानं एकदा फाईल आपल्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जाड भिंगांचा चष्मा, पानाचा डबा, आणि बोलणं शुद्ध पुणेरी. आपलाच माणूस. पलटणीतून सुटताना तुझी शेवटची तपासणी झाली होती, तिचा कागद होता तो. त्यावर लिहिलेलं, तक्रार काही नाही. कारकून म्हणाला, “बघा, सुटताना तुम्ही स्वतःच सांगितलंत की काही त्रास नाही. मग खोकला नंतरचा. नंतर तुम्ही कुठे होता? गिरणीत, ब्लोरूममध्ये. कापसाच्या गाठी फोडत होता. मग छाती गिरणीनं बिघडवली.” किती सरळ हिशेब! गिरणीवाले आधीच तोंडी म्हणून चुकले होते की हा माणूस लढाईतून खोकत आलाय, आमचा काय संबंध. पलटण म्हणते गिरणीनं केलं, गिरणी म्हणते पलटणीनं केलं. मधल्या मधे छाती तेवढी तुझी.

जिन्यात मी तुझ्यावर खेकसलो. “असं कसं सांगितलंस रे, त्रास नाही म्हणून?”

तू दोन पायऱ्या उतरून दम खाल्लास. मग म्हणालास, “साहेबानं विचारलं, कोई शिकायत? सगळी पलटण रांगेत उभी. सुभेदार बाजूला. म्हटलं, शिकायत नहीं साब.”

“अरे गाढवा, तो छातीचं विचारत होता!”

“मग छाती म्हणायचं होतं त्यानं.”

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. हसावं की डोकं आपटावं समजेना. तुला वाटलं साहेब विचारतोय, कोणाविरुद्ध काही सांगायचंय का. सुभेदाराविरुद्ध, जेवणाविरुद्ध, सरकारविरुद्ध. आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध तू कसा सांगणार? तुझ्यासारखे रांगेत आणखी किती उभे असतील, ज्यांनी छाती गमावून, पाय गमावून, कान गमावून ‘शिकायत नहीं साब’ म्हटलं असेल. साहेबानं खूण केली आणि पुढच्याला बोलावलं. एका शब्दावर माणूस निकालात निघतो, येशा. आणि तो शब्द तू इमानानं बोललेला.

हे मी अर्जात लिहिलं. चांगलं दोन पानं लिहिलं. वर मथळा घातला ‘तक्रार अर्ज’. तुला वाचून दाखवला तर तू सही करायला तयार नाहीस! म्हणे तक्रार शब्द काढ. मी म्हटलं, एवढं रामायण झालं आणि तुझं आपलं तेच? तू म्हणालास, “माका तक्रार नाय करूची. माका फक्त सांगूचा आसा.” आपलं त्या दिवशी जे वाजलं ते अर्ध्या चाळीनं ऐकलं. मी तुला गुलाम म्हणालो. गोऱ्याचा गुलाम. तू कागद शांतपणे माझ्या हातात दिलास आणि आत गेलास. शेवटी मी मथळा खोडून ‘विनंती अर्ज’ केला, तेव्हा सही झाली. गुलाम म्हटल्याची माफी मात्र मी मागितली नाही. तीही राहिलीच.

तू गुलाम कसला होतास! गोळीबाराचे दिवस आठव. संचारबंदी लागलेली, खाली रस्त्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटत होती आणि धूर जिन्यातून वर येत होता. आम्ही मोर्चावाले बहाद्दर डोळे चोळत इकडून तिकडे धावत होतो. तू मात्र पाण्याचं पिंप उघडलंस. धोतरं, परकर, टॉवेल, हाताला येईल ते भिजवून एकेकाच्या तोंडावर दाबत सुटलास. “धावू नका. खाली बसा. नाकानं घ्या, तोंडानं नको.” पलटणीतला आवाज. सगळी चाळ तुझ्या हुकमावर खाली बसली. माझ्या म्हाताऱ्या आईला तू उचलून मागच्या खोलीत नेलंस. स्वतःच्या तोंडाला फडकं लावायचं तेवढं तू विसरलास. पुढचे पंधरा दिवस तू उभ्यानं झोपायचास, खिडकीचा गज धरून. त्या चष्मेवाल्याला मी हेही सांगितलं होतं. म्हटलं, धुराशी कसं वागायचं हे हा माणूस गिरणीत शिकला काय? तर तो म्हणाला, “म्हणजे अश्रुधुरानंही छातीवर परिणाम झाला म्हणता? तसं लिहून देता का?” थू त्याच्या जिभेवर.

मी तुला धीर द्यायचो, आठवतं? मुंबई आपली होऊ दे, येशा. तिथे आपला माणूस बसेल, मग बघ कागद कसा सुरसुर पुढे सरकतो. तू म्हणायचास, “शांत्या, आताही तिथे आपलाच माणूस बसलाय.” मला राग यायचा. कारण तू म्हणत होतास ते खरं होतं. तो चष्मेवाला आपल्याला बसायला बाक द्यायचा. “तुमच्या भागात फार वाईट झालं हो,” म्हणायचा. गोळीबाराची चौकशी करायचा, उसासा टाकायचा, आणि तोच हात पुढे नेऊन तुझ्या अर्जावर ‘नामंजूर’चा शिक्का मारायचा.

पण एकदा, गेल्या दिवाळीच्या आधी, त्याला काय झालं कोण जाणे. दयाच आली असेल. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “एक वाट आहे. गिरणीत भरती होताना तुमची डॉक्टरी तपासणी झाली असेल. त्या कागदावर जर खोकल्याची नोंद असेल, तर खोकला गिरणीच्या आधीचा ठरतो. तेवढा एक कागद आणा. मी स्वतः साहेबांपुढे ठेवतो.”

तू माझ्याकडे पाहिलंस. पाहणारच. गिरणीच्या दवाखान्याचा कारकून मी. सगळ्या भरतीचे कागद माझ्या कपाटात. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

आठ दिवसांनी मी तुला सांगितलं की तो कागद वाळवीनं खाल्ला.

येशा, वाळवीनं काही खाल्लं नव्हतं. कागद जसाच्या तसा होता. त्याच्यावर लिहिलंय, छाती निरोगी. आणि अक्षर डॉक्टरचं नाही. माझं आहे.

तुझ्या भरतीचा दिवस. तू पलटणीतून सुटून गावी गेलेला, गावात शेत नाही, भात नाही, मीच तुला पत्र घालून बोलावलेला. सकाळपासून दवाखान्याबाहेर रांग. डॉक्टरनं तुझ्या छातीला नळी लावली आणि तू खोकलास. असा खोकलास की तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, हा माणूस नको. मी पुढे झालो. “सर्दी आहे साहेब, आगबोटीतून आलाय, उघड्यावर झोपला होता. आमच्या गावचाच आहे, मी ओळखतो.” त्याला चहाला जायची घाई. फॉर्म माझ्या अंगावर टाकला, म्हणाला भरून ठेव, मी आल्यावर सही करतो. मी भरला. तेरा-चौदा वर्षांपूर्वी. आनंदानं भरला, कारण माझा दोस्त माझ्या गिरणीत लागत होता! असं मी तुझ्याच एकट्याचं केलेलं नाही. गावाकडून आलेल्या कितीकांच्या छात्या मी अशा निरोगी करून दिल्या. पुण्यकर्म वाटायचं मला. लोक घरी नारळ आणून द्यायचे.

त्या पुण्यकर्माचीच आता मला किळस येते. पण त्याहून जास्त किळस वाळवीची येते. भरती केली तेव्हा मी तुझं भलं बघितलं, असं निदान म्हणता तरी येईल. वाळवी आणली तेव्हा मी फक्त माझं बघितलं. तो कागद बाहेर गेला आणि सोबत मी खरं सांगितलं, तर माझी नोकरी त्याच दिवशी जाणार, हे उघड होतं. धाकटीचं लग्न ठरत होतं. मी आठ दिवस विचार केला अशी स्वतःची समजूत घालतो; खरं तर पहिल्या मिनिटालाच माझं ठरलं होतं. आठ दिवस मी फक्त खोटं कुठलं सांगायचं ते शोधत होतो.

तू ऐकलंस आणि म्हणालास, “वाळवी? मरांदे रे. चल, चहा घेऊ.” आणि चहाचे पैसे तूच दिलेस.

वर मी काय केलं, तर तुला म्हटलं, आपल्या गावच्या वैद्याकडून जुन्या तारखेचा दाखला आणू, खोकल्याचा. तू ताड्कन म्हणालास, “खोटो कागद नको.” माझ्याकडे न बघता म्हणालास. मला वाटलं, झालं याचं पलटणीचं पुराण सुरू. तू का बघितलं नाहीस, हे मला कळायला तुझं तेरावं उजाडावं लागलं.

तू गेलास तेव्हा दुपार होती. गिरणीचा भोंगा होऊन मी जेवायला आलो होतो. वहिनींची हाक आली म्हणून धावलो. तू उशीला टेकून बसला होतास, बशी मांडीवर कलंडलेली, चहा चादरीवर. दम लागत नव्हता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तुझ्या खोलीत खोकल्याचा आवाज नव्हता आणि त्या शांततेनंच मला कळलं. मुन्शिपाल्टीत नोंद करायला मीच गेलो. मरणाचं कारण काय लिहू, तिथला कारकून म्हणाला. जुना दमा, म्हटलं. पलटणीचं नाव मी काढलं नाही, गिरणीचंही नाही.

काल सगळे पानावरून उठून गेले. वहिनी भांडी आवरत होत्या. मी तिथेच पाटावर बसून राहिलो आणि एकदाचं सांगून टाकलं. सगळं. चहाला गेलेला डॉक्टर, माझं अक्षर, वाळवी. वाटलं, पातेलं फेकून मारतील. मारायला हवं होतं.

त्यांनी हात थांबवला नाही. राख लावून तांब्या घासत होत्या तो घासतच राहिल्या. म्हणाल्या, “त्यांका ठावक होता, भावजी.”

“काय ठाऊक होतं?”

“सगळाच. तुमी फारम भरताना ते समोर उभेच होते ना. डॉक्टर गेलो, तुमी लिवलास. तेवढा समाजता माणसाक.” मग तांब्या विसळून पालथा घातला. “माका म्हणाले, शांतारामाक काय्येक विचारू नको. त्याची नोकरी जायत.”

येशा, हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. त्याला ठाऊक होतं, म्हणजे मी फसवलं नाही. असं माझ्या मनानं चटकन मांडूनसुद्धा टाकलं! तुझ्या बायकोसमोर, तुझ्या तेराव्याला, तुझ्या घरचं जेवून. त्या ऑफिसातल्या चष्मेवाल्याला मी पाच वर्षं शिव्या घातल्या. तो बिचारा कागदावर होतं ते वाचत होता. खोटा कागद तर माझ्या कपाटात होता.

रडलो मग. वहिनींनीच पाणी दिलं. म्हणाल्या, आता ते गेले, आता कशाक? मी म्हटलं, तुमच्यासाठी. त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. तुमच्यासाठी हे अर्धंच खरं होतं, आणि त्यांना ते समजलं असावं.

तर आज सकाळी मी गेलो. सोबत तो भरतीचा कागद, आणि माझा जबाब, साध्या मराठीत. सदर इसम भरतीस आला तेव्हा त्यास जुना खोकला होता. तो लढाईतून आलेला होता, हे मला तेव्हा माहीत होते. डॉक्टर त्यास नाकारत होते. ‘छाती निरोगी’ ही नोंद माझ्या हातची असून ती खोटी आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

चष्मेवाल्यानं दोनदा वाचलं. पानाचा डबा बाजूला सारला. मला वाटलं, आता हा विचारणार की पुरावा काय. तसं काही नाही. त्यानं एवढंच विचारलं, “हे दिवाळीत का नाही आणलंत?”

मी भरतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो जबाबाला टाचला. कागद फाईलला लावला, म्हणाला साहेबांपुढे ठेवतो, बाईंच्या नावानं नवा अर्ज करा, विधवेचा. सांगता येत नाही, पण बघू. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. परत येताना गिरणीत गेलो नाही. तिथे काय होईल ते सोमवारी कळेलच.

घरी आल्यापासून मी तुझ्यावर चिडून बसलोय. हो, तुझ्यावर. कोण रे तू माझी नोकरी वाचवणारा? छाती तुझी फुटत होती, खिडकीचे गज तू धरत होतास, आणि मला सांभाळायला तुला सांगितलं कोणी? मला जिन्यात गाठायचं होतंस. कॉलर धरायची होती. एकदा तरी म्हणायचं होतंस, शांत्या, तो कागद आण. माझ्यासाठी आण. एवढे शब्द नव्हते तुझ्याजवळ, मेल्या?

होते. तू विचारलं नाहीस, कारण मी नाही म्हणेन हे तुला ठाऊक होतं. आणि माझ्या तोंडून ते तुला ऐकायचं नव्हतं.